पिवळ्या ठिपक्याचे ब्रेकर

१७ मार्च १९८६, सोमवार

आज एकशे चाळीस ब्रेकर, नापास तीन.

झालं. कंपनीने आम्हा इन्चार्ज लोकांना ही डायरी एवढ्यासाठीच दिली आहे, रोजचे आकडे टिपायला. उरलेलं पान कोरं कशाला सोडू? आता माझं लिहिते.

पंखा आत आला! दोन खेपांत आणला. शनिवारी जाळी आणि पाती मेथीच्या जुड्यांखाली घालून, आज मोटर डब्याच्या पिशवीत. गेटवरचा वॉचमन बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या उलट्यापालट्या करतो, आत येणाऱ्यांकडे मेला ढुंकून बघत नाही. सकाळी निघताना सहदेव मात्र ओरडलाच, "अगो, माझो पंखो खय नेतंस?" म्हटलं, दुरुस्तीला. "चांगलो चलता तो!" म्हणाला. गिरणी सुटल्यापासून माणूस घरात बसलेला, घरातल्या प्रत्येक वस्तूवर पहारा.

करणार काय पण? गेल्या आठवड्यात आमची शेवंती बेंचवरच आडवी झाली. तिसरा महिना लागलाय तिला. आमची कॅलिब्रेशनची, ब्रेकर तपासून जुळवायची खोली म्हणजे खिडक्या बंद, दार बंद, आणि चार बेंचांवर दिवसभर दोन-दोनशे अँपिअर करंट चाललेला. धडधाकट बाईला घेरी येईल तिथे. तीनदा साहेबांकडे पंखा मागितला, तीनदा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'या खोलीत पंखा लावू नये.' का, तर म्हणे आतली हवा हलता कामा नये. मला इन्चार्ज केलं तेव्हा क्वालिटीच्या श्रोत्री साहेबांनी याचं कारण समजावलं होतं, मी मान डोलावली होती. हवा हलली तर काय स्टॉपवॉच उडून जातं? ह्यांच्या केबिनमध्ये एसी घुरघुरतो, तिथली हवा हललेली चालते.

पंखा शेवंतीच्या बेंचच्या टोकाला खोक्यांच्या आड ठेवला. सगळ्यांना सांगून ठेवलंय, साहेब आला की दाराजवळची मालन खोकणार, शेवंती बटण बंद करून पुढे खोका ओढणार, आणि कोणी विचारलं तर इथे पंखा कधी नव्हताच. मुली खूश. शेवंतीने माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मी म्हटलं, चल, नाटकं नको, कामाला लाग.

२२ मार्च, शनिवार

अनुपमाने आज विचारलं, "आई, तू तिकडे नेमकं करतेस काय?" दहावीला बसली पोरगी आणि आईचं काम तिला ठाऊक नाही! समजावून सांगितलं. ब्रेकर म्हणजे काळ्या टणक डब्यात बसवलेला मोठा खटका. फ्यूज जळतो, हा जळत नाही, नुसता पडतो आणि परत उचलता येतो. आत दोन धातू चिकटवून केलेली पट्टी असते. करंट जास्त झाला की ती तापते, तापली की वाकते, वाकली की खटका पाडते. वायर जळायच्या आत वीज बंद. आम्ही त्यातून मुद्दाम दुप्पट करंट सोडतो आणि घड्याळ लावून बसतो. ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा पडला तर आतला स्क्रू आवळायचा, लवकर पडला तर ढिला करायचा. बरोबर पडला की स्क्रूवर रंगाचा ठिपका. ठिपका पडला की मग त्या स्क्रूला ब्रह्मदेवानेही हात लावायचा नाही.

प्रत्येकीचा रंग वेगळा. मालन हिरवा, नीला निळा, सुलक्षणा लाल, शेवंती पिवळा. ठिपका म्हणजे त्या बाईची सहीच.

"आणि तुझा कुठला?" अनुपमा म्हणाली. म्हटलं, मी इन्चार्ज, मी ठिपके लावत नाही, लावणाऱ्यांवर नजर ठेवते. अकरा वर्षं बेंचवर काढली तेव्हा ही खुर्ची मिळाली. मुलुंडच्या या कंपनीत इन्चार्ज झालेली बाई मी पहिली. हे मी तिला सांगितलं, पण ती तोवर पुस्तकात गेली होती.

९ एप्रिल, बुधवार

शेवंतीला दवाखान्यात जायचं होतं. महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी पोटुशींची तपासणी असते. दिवस बुडतो म्हणून रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, जा गं, मस्टर माझ्याच हातात आहे. लावली हजेरी. यात नवीन काही नाही, चारही जणींसाठी मी कधी ना कधी केलंय हे. माझ्या हाताखालच्या मुलींना कोणी विचारावं, सुगंधाताई कशी आहे म्हणून!

एक गंमत म्हणजे शेवंती म्हणते हल्ली तिला स्क्रू जास्त आवळावे लागतात, ब्रेकर उशिराच पडतात. पट्ट्यांचा नवा माल आला असेल. म्हटलं, घड्याळ सांगतं ते कर.

१२ मे, सोमवार

डोकं नुसतं भणभणतंय. आज घाटकोपरचा एक प्लास्टिक मोल्डिंगवाला सरळ गेटवर येऊन तमाशा करून गेला. चालत्या मशीनवर ब्रेकर पडतो, माल आतल्या आत थिजतो, खरवडून काढावा लागतो. लोड जेमतेम, तरी पडतो. चेंबूरच्या एका सोसायटीत तर लिफ्ट मधेच बंद पडली, एक म्हातारं जोडपं पाऊण तास आत अडकून. पॅनेलवाल्या मोठ्या गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवलाय.

श्रोत्री साहेबांनी परत आलेल्या मालातले लवकर पडणारे ब्रेकर उघडून माझ्या टेबलावर ओळीने मांडले. सदतीसच्या सदतीस पिवळा ठिपका.

मी शेवंतीकडे बघितलं. ती चुन्यासारखी पांढरी पडली होती.

१३ मे, मंगळवार

शेवंतीच्या मेमोवर माझी सही झाली. 'कामात निष्काळजीपणा.' सही करताना काही वाटलं नाही असं नाही, पण रागच जास्त होता. किती केलं मी हिच्यासाठी! पंखा काय, हजेरी काय, सरबताला कोकम काय. आणि हिने अख्ख्या लाइनच्या तोंडाला काळं फासलं. सगळ्यांसमोर झापली. म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं? पोटातलं मूल काय ब्रेकर लावतंय?" बोलायला नको होतं, पण माझं तोंड हे असं.

ती म्हणाली, "ताई, घड्याळात बघूनच केलंय मी. शप्पत."

म्हटलं, मग घड्याळ खोटं बोलतं का?

१४ मे, बुधवार

शेवंती दवाखान्यात. हजेरी लावली. कालच्या रागावरून एवढ्या तेवढ्यावर खाडा टाकायचा माझा स्वभाव नाही.

तिची खुर्ची रिकामी, वरून श्रोत्री साहेब माल मागतायत. म्हटलं, चला, आज ह्यांना दाखवूच हात काय असतो तो. पदर खोचला आणि बसले. बावीस ब्रेकर लावले, एकटीने. मुली कौतुकाने बघत होत्या. तिच्याच बेंचवर होते, तिचाच पिवळा रंग वापरला. हातातली कला जात नाही बाबा! आणि पंख्याचा वारा काय झकास लागतो त्या जागेवर.

१६ मे, शुक्रवार

लिहू की नको असं होतंय.

दुपारी श्रोत्री साहेबांनी मला क्वालिटीच्या खोलीत बोलावलं. टेबलावर बावीस ब्रेकर. म्हणाले, "बघा सुगंधाबाई, मेमो दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा लॉट. सगळे वेळेच्या आधी पडतायत. बाईंना मेमोचंही काही नाही."

माझे ब्रेकर. माझ्या हातचे. अकरा वर्षांचा हात.

मी म्हटलं, कसं शक्य आहे? ते मान खाजवत म्हणाले, "तेच कळत नाही. वाऱ्यात बसून लावल्यासारखे आलेत. वारा लागला की पट्टी तापायला वेळ घेते, ब्रेकर उशिरा पडतो, बाई स्क्रू आवळते. मग हाच ब्रेकर बंद पॅनेलमध्ये गेला, वारा नाही, की जरा तापला की पडतो. म्हणून तर ती पाटी आहे. पण तुमच्या खोलीत कुठला आलाय वारा!" आणि हसले.

हसले ते. साधा माणूस, त्याच्या मनातही आलं नाही.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. पंखा मी आणला. बुधवारी त्या खुर्चीवर मी होते. मस्टरवर शेवंतीची हजेरी मी लावली. तिन्ही गोष्टी तोंडात आल्या आणि मी म्हटलं, "बघते मी, साहेब."

बघते मी! काय बघते? कपाळ माझं!

घरी येताना नाहूरपर्यंत चालत आले. पाय दुखले तर बरं वाटेल असं वाटलं. दुखले, पण बरं काही वाटलं नाही. मी सगळं सांगितलं तर नोकरी जाणार, साधी नाही, खोट्या हजेरीचा डाग लागून. सहदेव घरी, अनुपमाचा निकाल तोंडावर. मला दुसरी कंपनी उंबऱ्यात उभी करणार नाही.

१७ मे, शनिवार

पंखा परत घरी आणला, दोन पिशव्यांत. मुली म्हणाल्या, ताई ऐन मे महिन्यात? म्हटलं, तपासणी येणार आहे. बाहेर जाताना वॉचमन पिशवीत हात घालणार म्हणून वर रिकामे डबे रचले होते. नेमका आज त्याने घातला नाही.

सकाळी शेवंती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "ताई, काही म्हणायचंय का?" मी म्हटलं, "लोहाच्या गोळ्या घेतेस ना?" ती म्हणाली, "घेते." आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. किती गुणी पोर आहे. एवढं झापलं तरी मनात काही नाही.

२१ मे, बुधवार

आजही आली. तोच प्रश्न. मीही तेच काहीतरी बोलले. तिच्यासाठी आंबोशी नेली होती डब्यातून, टेबलावरच राहिली. विसरली बिचारी.

२७ मे, मंगळवार

आता काय करू?

पंखा काढल्यापासूनचे शेवंतीचे ब्रेकर श्रोत्री साहेबांनी तपासले. एकूण एक बरोबर. मला वाटलं, सुटली. डोंबल! पर्सोनेलचे सबनीस साहेब, श्यामसुंदर सबनीस, ते म्हणाले, "म्हणजे बाईंना नीट काम येतं. मग मेमोच्या दुसऱ्याच दिवशी बावीसच्या बावीस चुकीचे? हा निष्काळजीपणा नाही, हा सूड आहे. मुद्दाम केलेलं नुकसान." चार्जशीट आलं. ९ जूनला चौकशी. तोवर शेवंतीला बेंचवरून उठवून पॅकिंगला बसवलंय.

नुसता मेमो असता तर ताकीद देऊन सोडली असती. त्या बावीस ब्रेकरांवर तिची नोकरी जाणार. आणि कंपनीतर्फे साक्षीदार कोण, तर लाइन इन्चार्ज सुगंधा.

त्या बुधवारी आपण कामावर नव्हतो हे तिला माहीत नाही का? असणारच. मग बोलत का नाही? बोलून उपयोग नाही, मस्टर माझ्या अक्षरात आहे. पण माझं नाव तरी घेईल? नाही घेतलं तिने. एका शब्दाने नाही. पंखा तिच्यासाठी आणला होता ना मी. उपकाराची जाण असलेली माणसं हल्ली कुठे सापडतात? आणि अशा पोरीला मी बुडवतेय.

रोज सकाळी येते अजून. पॅकिंगमधून मुद्दाम चालत येते. "ताई, काही म्हणायचंय का?"

२ जून, सोमवार

सहदेवला सांगितलं. तो सुरण चिरत होता. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल, गिरणीतल्या दहा माणसांच्या नोकऱ्या कशा गेल्या ते ऐकवेल. त्याने एवढंच विचारलं, "तिना तुझा नाव कित्याक नाय घेतला?"

म्हटलं, उपकार मानते माझे.

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "तसा आसात तर बरा." आणि सुरण चिरायला लागला. हातांना खाज सुटली होती त्याच्या, चिंचेचं पाणी करून दिलं.

त्यानंतर म्हणाला, "नोकरी गेली तर मी करीन कायतरी. तू सांगून टाक. तू घरात आसतंस पण नसतंस." या माणसाने चार वर्षांत एवढी वाक्यं एकदम बोललेली नाहीत. मी मोरीत जाऊन रडले.

७ जून, शनिवार

ठरलं. सोमवारी सांगणार. मुलींना आधी सांगितलं, डबे खाताना. मालन म्हणाली, "ताई, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, पण आमची नावं नकोत. पंखा असताना आम्ही पण बसलोच होतो ना तिथे." नीला म्हणाली, "डब्याच्या सुट्टीत तो वारा खाल्लाय आम्ही पण." मी म्हटलं, तुमच्यावर काही येऊ देणार नाही. सुलक्षणाने डबा तसाच बंद केला.

शेवंतीला नाही सांगितलं. तिच्यासमोर मोठेपणा मिरवल्यासारखं झालं असतं. सोमवारी ऐकेलच. तिचा चेहरा बघायचाय मला.

आज पहिल्यांदा भूक लागली.

९ जून, सोमवार

जसं घडलं तसं लिहिते. एक शब्द सोडत नाही.

कॅन्टीनच्या बाजूच्या खोलीत चौकशी. टेबलामागे सबनीस साहेब, बाजूला श्रोत्री साहेब, एका कडेला युनियनचा माणूस, नावाला. समोर शेवंती. सहावा महिना, खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं तिला. सबनीसांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला, "वाचा आणि सही करा, बाई."

मी म्हटलं, "साहेब, हे खरं नाही. त्या खोलीत पंखा होता. मी आणला होता, माझ्या घरून. चौदा तारखेला शेवंती नव्हतीच. तिच्या खुर्चीवर मी होते. ते बावीस ब्रेकर माझे आहेत."

एका दमात बोलले. सांगून झाल्यावर हातपाय इतके हलके झाले की टेबल धरावं लागलं.

श्रोत्री साहेब उठून उभेच राहिले. "पंखा? अहो, मग बरोबर आहे! मग सगळंच जुळतं!" त्यांना बिचाऱ्यांना आनंद झाला, गणित सुटलं म्हणून. सबनीसांनी त्यांना हातानेच खाली बसवलं. मला म्हणाले, "चौदा तारखेचं मस्टर कोणी भरलं?"

"मी."

"हजेरी लावली आहे."

"लावली. ती दवाखान्यात गेली होती, दिवस बुडू नये म्हणून."

"म्हणजे बाई, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

मी म्हटलं, तेव्हा. म्हटलं, दवाखान्याचा कागद असेल तिच्याकडे, माझ्या घरी पंखा आहे, आणून दाखवते. ते हसले. "पंखा कोणाच्या घरी नसतो? आणि पंखा असेल तर त्या खोलीतली प्रत्येक बाई दोषी. विचारू या."

एकेकीला आत बोलावलं. मालन आली. "पंखा? नाही साहेब." नीला आली. "नाही." सुलक्षणा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथे पंखा कधी नव्हताच." मीच शिकवलेलं वाक्य. मला राग आला नाही, मालनने आधी सांगितलंच होतं. म्हटलं, हरकत नाही. शेवंती आहे ना. तिचं एक 'हो' सगळ्यांना पुरून उरेल.

सबनीस म्हणाले, "शेवंतीबाई, पंखा होता?"

ती माझ्याकडे बघत होती. सरळ. म्हणाली, "नव्हता साहेब."

"चौदा तारखेला तुम्ही कामावर होतात?"

"मस्टरवर आहे ना? होते."

"ते ब्रेकर तुमचे?"

"पिवळा रंग माझाच आहे."

मी ओरडले, "शेवंती, वेडी आहेस का? माझ्यासाठी स्वतःचा गळा कापतेस?" सबनीसांनी फाइलमधून एक कागद काढला. तिचा राजीनामा. आधीच घेऊन ठेवलेला. म्हणाले, "बाईंनी स्वतःहून राजीनामा दिलाय, कंपनीने मंजूर केलाय. आता या चौकशीचं काही कारणच उरत नाही. सुगंधाबाई, तुम्हाला मुलींची माया आहे, आम्हाला कळतं. तुमचं हे बोलणं आम्ही कागदावर घेत नाही. जा, लाइन उभी आहे."

श्रोत्री साहेब काहीतरी म्हणू लागले. सबनीस म्हणाले, "श्रोत्री, मार्चपासूनचा प्रत्येक लॉट परत मागवायचाय का तुम्हाला?" त्यांनी समोरची फाइल मिटली.

मी परत येऊन माझ्या खुर्चीत बसले. दुपारनंतरचे आकडे: अडुसष्ट, नापास एक.

११ जून, बुधवार

सगळ्या माझ्याशी फार चांगलं वागतायत. मालनने आज माझ्यासाठी घावणे आणले. ते खावेत की ताट तिच्या तोंडावर मारावं, कळेना. खाल्ले.

शेवंती असं का वागली? सारखा तोच विचार. माझी नोकरी वाचावी म्हणून स्वतःची घालवली पोरीने. एवढं कोणी कोणासाठी करतं? रविवारी जाऊन पाय धरणार आहे तिचे. श्रोत्री साहेबांच्या ओळखीने दुसरीकडे लावते तिला. काहीही करते.

१५ जून, रविवार

मानखुर्दला जाऊन आले.

पत्ता विचारत विचारत घर सापडलं. तिचा नवरा दारात सायकल उलटी करून बसला होता. मला बघून हात पुसले आणि बाहेर निघून गेला. शेवंतीने चटई टाकली. मी नेलेले आंबे कोपऱ्यात ठेवले. स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं.

मी म्हटलं, "का गं असं केलंस? एवढे कसले उपकार मानायचे माझे? मी सगळं कबूल केलं होतं ना? तू नुसतं हो म्हणायचंस."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही मी काय म्हणतेय. मग म्हणाली, "उपकार?"

स्टोव्हला पंप मारला. "ताई, त्या बुधवारी माझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं, ते नीलाने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. शुक्रवारी ते बावीस ब्रेकर माझ्या नावावर आले. मला वाटलं, ताई आज सांगतील. शनिवारी आले तुमच्यापाशी. विचारलं, काही म्हणायचंय का. तुम्ही म्हणालात, गोळ्या घेतेस का."

"मला वाटलं, तू मला सांभाळून घेतेयस."

"मी वाट बघत होते."

मग एकदम खूप बोलली, स्टोव्हकडे बघत. रोज यायची म्हणाली. पॅकिंगमधून जिना चढून यायची, पाय सुजलेले असताना. चार्जशीट आलं त्या दिवशी तर नक्की वाटलं होतं. "वीस-बावीस दिवस, ताई. एक दिवस तरी म्हणाला असतात, शेवंती, माझं चुकलं गं, मला भीती वाटते. चारचौघांत नको, माझ्या एकटीच्या कानात. मी म्हटलं असतं, राहू द्या, दोघी मिळून बघू काय ते."

मी म्हटलं, "पण सोमवारी सांगितलंच की मी! सगळ्यांसमोर!"

"सांगितलंत. मला न विचारता. मी शनिवारी राजीनामा देऊन बसले होते. सबनीस साहेब म्हणाले होते, भांडण न करता गेलीस तर चांगला दाखला देतो. चेंबूरला माझ्या नणंदेच्या ओळखीने कॉइल गुंडाळायचं काम आहे, बाळंतपणानंतर घेणार आहेत, पण दाखला लागतो. मी हो म्हटलं असतं तर चोरून पंखा लावणारी आणि खोटी हजेरी घेणारी म्हणून तोही गेला असता. हे झालं एक."

चहा उतू जायला आला होता, तिने खाली उतरवला. कपात गाळला. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे मी हो म्हटलं असतं तर तुम्ही मनातून सुटला असतात," ती म्हणाली. "तुम्हाला सोडवावंसं मला वाटलं नाही."

चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. साखर किती घालू विचारावं त्या आवाजात म्हणाली. मग खरंच साखर किती ते विचारलं.

चहा प्याले. तिने आग्रह करून बिस्किट दिलं, तेही खाल्लं. निघताना तिचे पाय धरायचे ठरवलं होतं, पण ती अवघडून भिंतीला धरून उठत होती, तेवढ्यात मी चपला घातल्या.

घरी आले तर सहदेव दारातच होता. "काय म्हणाली?" विचारलं त्याने.

म्हटलं, "बरी आहे. चहा दिला."